पटावरची चार नावं

मलकपेठ, हैदराबाद
४ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

तुझ्या कानाचं मशीन पुन्हा बिघडलं असं बाबांकडून कळलं. परवा फोनवर मी दहा मिनिटं ओरडून सगळं सांगितलं आणि शेवटी तू विचारलंस, "जेवलीस का?" म्हणून हे पत्र. एकच विनंती, लहानपणी माझी पत्रं लाल पेनने तपासून परत पाठवायचीस तसं हे पाठवू नकोस. मी अडतीस वर्षांची आहे. त्या लाल खुणांमुळेच मला मराठी लिहिता येतं हे कबूल. माझा भाऊ अमरदीप इथेच वाढला आणि त्याला लग्नाची पत्रिकासुद्धा बाबा वाचून दाखवतात.

माझं तेच चाललंय. अकरा महिन्यांचा करार, मग एक महिना लटकत राहायचं, मग नवा करार. ह्या संशोधन संस्थेतलं हे नववं वर्ष. बाकीच्यांच्या दारावर पितळी पाट्या आहेत, माझं नाव कागदावर छापून चिकटपट्टीने लावलंय आणि पावसाळ्यात ते सुटून खाली पडतं. पण ह्या वेळी कायमची एक जागा निघाली आहे. मुलाखत डिसेंबरात. आमचे विभागप्रमुख दिलीप सर म्हणाले, एक भक्कम पेपर हातात असला तर जागा तुझी.

तो पेपर जमत आलाय. २०१८ साली आपल्या जिल्ह्यात आदेश निघाला होता, आठवतं? वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा बंद करून पोरं जवळच्या मोठ्या शाळेत पाठवायची. पटावर एकोणीस नावं असली की शाळा गेली, वीस असली की वाचली. आता एकोणीसची शाळा आणि विसाची शाळा ह्यांत तसा फरक काय? कुठल्या तरी घरात एक पोर जास्त, एवढाच. म्हणून ह्या दोन्हींतल्या पोरांचे पुढच्या वर्षीचे मार्क शेजारी शेजारी ठेवले की शाळा बंद केल्याने पोरांचं बरं झालं की वाईट ते दिसतं. हीच माझी पद्धत आणि हीच माझी भाकरी.

एक गोष्ट मात्र टोचते. पट वीस, एकवीस, बावीस असलेल्या शाळा एकशे त्रेचाळीस आहेत. सतरा, अठरा, एकोणीसच्या फक्त अडतीस. मधे एवढा खड्डा का? सर म्हणतात, ह्याचं उत्तर दिल्याशिवाय पेपर कुणी छापणार नाही. तुझी काळेगव्हाणची शाळाही यादीत आहे, पट एकवीस. तू तेव्हा मुख्याध्यापिका होतीस. तुला ठाऊक असणार.

लवकर लिही. हल्ली मला एका जागी बसवत नाही. मेट्रोत जागा रिकामी असली तरी मी दाराशी उभी राहते.

तुझी
रोशनी


काळेगव्हाण
१३ ऑगस्ट २०२४

चि. रोशनीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र मिळालं. चुका चार आहेत. तुझ्या वयाचा मान राखून खुणा केल्या नाहीत.

कायमच्या जागेचं वाचून बरं वाटलं. पाटी पितळी झाली की तुझ्या बाबांना, किशनला, तिचा फोटो काढून पाठवायला सांग. मी तो इथल्या समाजमंदिरात सगळ्यांना दाखवीन, तू कितीही लाजलीस तरी.

पटाचं विचारलंस. त्यात गूढ काही नाही. आदेश आला तेव्हा जूनमध्ये आम्ही शिक्षक घरोघर फिरलो. कुणाची पोर शेळ्यांमागे होती तिला आणली, कुणाचं पोर मामाकडे होतं ते आणवलं. वीस भरेपर्यंत पायाला विश्रांती नव्हती. म्हणून एकोणीसच्या शाळा कमी दिसतात. आपल्या वस्तीची शाळा होण्याआधी मी आणि किशन ओढा ओलांडून तीन किलोमीटरवर मोठ्या गावच्या शाळेत जायचो आणि मागच्या भिंतीला बसायचो. प्यायचं पाणी ओंजळीत वरून ओतलं जायचं. ते सगळं डोळ्यांपुढे असताना आपली शाळा बंद होऊ देणं मला जमणारं नव्हतं. एवढं तुझ्या पेपरात लिहिलंस तरी पुरे.

एक काम आहे. आपल्या वस्तीतला दत्तोबा त्याच साली बायकोपोरांना घेऊन हैदराबादला गेला. गौलीगुड्याला बस स्टँडच्या पलीकडे राहतो, पार्सलं उचलण्याचं काम करतो असं कळलं. त्याची स्वप्ना माझ्या वर्गात होती, हुशार. आता पंधराची असेल. ती आणि तिचा भाऊ रितेश कुठल्या शाळेत आहेत तेवढं बघून ये. घाई नाही, पण विसरू नकोस.

तुझी
आत्या


मलकपेठ
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

तू मला वाचवलंस. तुझं उत्तर मी पेपरात तळटीप म्हणून घातलं: "एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या सांगण्यानुसार, आदेशानंतर शिक्षकांनी घरोघर जाऊन खरोखरची मुले दाखल केली." सरांनी वाचलं आणि म्हणाले, आता तोंड बंद होईल लोकांचं.

उत्तरही आलंय. मला ते आवडलं नाही, पण आपल्याला आवडेल तेच उत्तर यावं असं गणितात नसतं हे मला तूच सहावीत सांगितलं होतंस. ज्या छोट्या शाळा वाचल्या तिथल्या पोरांची सरासरी सत्तेचाळीस. ज्या बंद होऊन पोरं मोठ्या शाळेत गेली त्यांची बावन्न. म्हणजे शाळा बंद करणं पोरांच्या फायद्याचं ठरलं. मुख्य कारण गैरहजेरी दिसतं. छोट्या शाळांत दर शाळेमागे सरासरी दोन पोरं एकाही चाचणीला आलेली नाहीत आणि त्यांना शून्य धरलंय. तुझ्या शाळेत तर चार आहेत. तुझ्याकडे बोट दाखवत नाही, पण इतक्या लहान शाळेत पोरांवर लक्ष राहत नसावं असंच कुणीही म्हणेल.

सर म्हणतात, ह्याचं पाच पानी टिपण करून सरकारकडे पाठवू. बंद करायच्या शाळांची नवी यादी तयार होते आहे, तिथे उपयोग होईल. माझं नाव त्यावर पहिलं असेल. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

गौलीगुड्याला जायला जमलं नाही. पुढच्या रविवारी नक्की.

तुझी
रोशनी


काळेगव्हाण
३ सप्टेंबर २०२४

चि. रोशनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अंगात कणकण आहे म्हणून थोडक्यात लिहिते. पेपर पाठवायची घाई करू नकोस. दोन-तीन महिने थांबलीस तर काही बिघडत नाही. आणि सरकारला टिपण कशाला हवं, त्यांना वाचायला वेळ असतो का?

माझं ऐक. कारण नंतर लिहीन.

आत्या


मलकपेठ
१२ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

थांबू कशासाठी? नऊ वर्षं थांबलेच आहे. माझ्याबरोबर लागलेल्या तिघांना पाट्या मिळाल्या. त्यांच्यातल्या एकाला माझ्याकडून आकडेमोड समजावून घ्यावी लागते. मुलाखतीत मला पहिला प्रश्न काय येतो माहीत आहे? "तुम्ही मराठवाड्यातल्या का? मग ह्या विषयाशी तुमचा भावनिक संबंध असेल." त्यांच्या आकड्यांमागे डोकं असतं आणि माझ्या आकड्यांमागे भावना. ह्या वेळी तर मी माझ्याच आत्याच्या शाळेच्या विरोधात निष्कर्ष काढलाय, आता कोण काय म्हणेल? आणि तूच म्हणतेस थांब.

तुला राग आलाय, दुसरं काही नाही. शाळा तुझी होती म्हणून. तसं सरळ लिही.

पेपर मी काल पाठवला.

रोशनी


काळेगव्हाण
२६ ऑक्टोबर २०२४

चि. रोशनीस,

दीड महिना लिहिलं नाही. चार वेळा कागद घेतला. सबंध आयुष्य पोरांना "खरं बोला" सांगितलं आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा ताप आल्याचं सोंग केलं. कणकण नव्हती.

मी घरोघर फिरले हे खरं. पण फिरून सतराच पोरं मिळाली. दत्तोबाची दोन आणि त्याच्या भावाची दोन, ही चार गावात नव्हतीच. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही कुटुंबं हैदराबादला निघून गेली होती. मी त्यांची नावं पटावरून काढली नाहीत. रोज सकाळी हजेरी घेताना त्यांच्यापुढे मी "ह" लिहिलं. तीन वर्षं, निवृत्त होईपर्यंत, करोनात शाळा बंद होती ते दिवस सोडून. फक्त चाचणीच्या दिवशी बाहेरचा माणूस यायचा, तेव्हा ती गैरहजर.

तू ज्या एकशे त्रेचाळीस शाळा म्हणतेस त्यांतल्या कितीतरी मुख्याध्यापकांना मी ओळखते. आम्ही आसपासच्या शाळांच्या केंद्र-बैठकीत एकमेकांना विचारायचो, "तुमचे किती झाले?" आणि हसायचो. त्या हसण्यात कुणाला पाप वाटत नव्हतं. शाळा वाचत होती.

त्या चौघांच्या नावचा तांदूळ मी घरी नेला नाही, पोरांना जास्त वाढला. पण मी काही देवी नाही. शाळा राहिली म्हणून तीन वर्षांवर निवृत्ती आलेली असताना माझी बदली टळली, हेही त्यात होतं.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मी पाटीवर गणित मांडलं. सतरा पोरांची सरासरी अठ्ठावन्न होती, माझ्या वहीत अजून आहे. त्यात चार शून्यं घाल आणि एकवीसने भाग. सत्तेचाळीस येतात. मोठ्या शाळेच्या बावन्नपेक्षा माझी पोरं सहा मार्कांनी पुढे होती, रोशनी. शाळा वाचवायला मी जी चार नावं ठेवली, त्यांनीच तुझ्या कागदात तिला नापास केलं. आणि आता त्या कागदावरून अशा सगळ्या शाळा बंद होणार, आणि वर नाव तुझं.

मला खूप लाज वाटते. स्वतःची वाटते, तुझ्यासमोर वाटते.

आत्या


मलकपेठ
२८ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

तुझं उत्तर नाही. मी फार तोडून लिहिलं, माफ कर. बाबा म्हणाले, "विमलताई गप्प बसली की समज, काहीतरी मोठं आहे." पेपर जर्नलने स्वीकारला हे तुला कळवायचं होतं, पण आता ते बाजूला राहू दे.

तुझा राग जावा म्हणून काल गौलीगुड्याला गेले. दत्तोबा सापडला. एका खोलीत सहा माणसं. त्याने आधी मला सरकारी स्कीमवाली समजून आधार कार्ड काढलं. तुझं नाव सांगितलं तेव्हा त्याची बायको सुशीलाबाई म्हणाली, "बाईंनी पाठवलं व्हय? दाखला दिला का त्यांनी?"

मला काही समजलं नाही. मग कळलं. इथे आल्यावर त्यांनी पोरांना जवळच्या शाळेत नेलं. तिथले सर म्हणाले, आधीच्या शाळेचा दाखला आणा. दत्तोबा काळेगव्हाणला आला, दोनदा. तू त्याला म्हणालीस, "नाव इथंच राहू दे, पाऊस बरा झाला की परत याल." तिसऱ्यांदा यायला त्याला रजा मिळाली नाही. रितेश पुढे कुणाच्या तरी ओळखीने एका शाळेत गेला. स्वप्ना गेली नाही.

ती कोठीच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या दुकानात कामाला आहे. मी तिथे गेले. पाठ्यपुस्तकांचे ढीग यत्तेप्रमाणे लावते, गिऱ्हाइकाने नाव घेतलं की ढिगात हात घालून नेमकं पुस्तक काढते. मी विचारलं, मराठी वाचता येतं का? "हौ मॅडम, येतंय ना. तिसरीपर्यंतचं पक्कं येतंय, त्याच्यापुढचं अंदाजे." मग तिने विचारलं, "माझं नाव हाय का अजून तिकडं? बाई बोलल्या होत्या, काढत नाही म्हणून."

आत्या, तू दाखला का दिला नाहीस? तू असं कशाला करशील?

रोशनी


मलकपेठ
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

तुझं सव्वीस तारखेचं पत्र मी माझं पेटीत टाकून आल्यावर तीन दिवसांनी आलं. दोन पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. आता मला दोन्ही कळलंय, चार नावं का होती आणि दाखला का मिळाला नाही.

मला तुझा एवढा राग आलाय की बाबांशीही नीट बोलत नाही. आणि मला तुझी आठवणही सारखी येते. ऑफिसात बसले की उठावंसं वाटतं, घरी आले की परत जावंसं वाटतं.

मी आकडे पुन्हा मांडले. जी पोरं एकाही चाचणीला कधीच आलेली नाहीत ती सगळ्या शाळांमधून काढली. फरकच उरला नाही. छोट्या शाळा पुढे नाहीत, मागेही नाहीत. म्हणजे माझ्या पेपरात काही नाही. ऑगस्टात मी त्याच पोरांकडे बघून "लक्ष राहत नसावं" असं तुला लिहिलं होतं. नसलेल्या पोरांवर लक्ष कसं ठेवणार? शिकलेली मी, आणि "ही पोरं आहेत का?" हा साधा प्रश्न मला सुचला नाही, कारण तू सांगितलंस की ती खरी आहेत.

आता बघ. पेपर स्वीकारलेला आहे. मुलाखत अठरा डिसेंबरला. हे तुला आणि मला सोडून कुणाला ठाऊक नाही. मी गप्प राहिले तर पाटी पितळी होते. टिपण पुढच्या महिन्यात सरकारकडे जाईल आणि शाळा बंद होतील, काळेगव्हाणचीसुद्धा. मी बोलले तर विचारतील, तुम्हाला कसं कळलं? तुझं नाव न घेता सांगितलं तर ती ऐकीव गोष्ट. घेतलं तर तुझी चौकशी लागेल, पेन्शनला हात लागेल.

तुझी तळटीप मी लाल पेनने खोडली आहे. पुढे काय करायचं ते तू सांग. नाहीतर सांगू नकोस. मला माहीत नाही मला काय हवंय.

रोशनी


काळेगव्हाण
१२ नोव्हेंबर २०२४

चि. रोशनीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

दाखल्याचं तुला लिहिलं नव्हतं. अर्धंच खरं लिहून मोकळी झाले होते. तू गौलीगुड्याला जावंस म्हणून मीच सांगितलं होतं, मग कशाला लपवलं? मनातून मला वाटत होतं की पोरं शाळेत असतील, तू येऊन सांगशील "मजेत आहेत", आणि मी सुटेन.

दत्तोबा दुसऱ्यांदा आला तेव्हा शाळेच्या पायरीवर बसला होता, हातात टोपी. दाखला दिला की नाव कमी, एक कमी झालं की बाकीच्यांचेही मागायला येतील, आणि मग सतरा. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. मागच्या भिंतीला बसणारी मी, आणि मीच एका पोरीला शाळेबाहेर ठेवलं. ह्याला मी दुसरं नाव देणार नाही.

तू काय करावंस हे विचारू नकोस, ते तुझं तू ठरव. मी काय केलं ते सांगते. सोबत वेगळ्या कागदावर सगळं लिहून सही केली आहे. शाळा, साल, चौघांची नावं, किती दिवस खोटं "ह" लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव आहे, विमलाबाई सोनकांबळे, निवृत्त मुख्याध्यापिका. वापरायचं असेल तर नावासकट वापर. नाव खोडून वापरायचं असेल तर कागद परत पाठव.

पेन्शनची काळजी करू नकोस. एकटीला किती लागतं?

आत्या


मलकपेठ
२० डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

मुलाखत झाली.

त्याआधीचं सांगते. पेपर मी नोव्हेंबर संपायच्या आत मागे घेतला. दिलीप सरांना जाऊन सांगितलं. म्हणाले, "मुलाखत होऊ द्यायची होतीस." मग म्हणाले, "टिपण मी थांबवतो." आणि माझ्यासमोर फोन करून थांबवलं. माणूस वाईट नाही. पण नंतर दोन आठवडे त्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

मुलाखतीत चौघे होते. मी सांगितलं की माझ्याकडे दाखवायला पेपर नाही, एक चूक आहे, आणि ती कशी झाली ते सांगते. खड्डा, वीस-एकवीसचे पट, चार शून्यं, सगळं. एकाने विचारलं, "हे अनुमान आहे की पुरावा?" मी तुझा कागद टेबलावर ठेवला. मराठी बाकी कुणाला येईना. शेवटी पुण्याच्या उषा मॅडम होत्या, त्यांनी तो हातात घेतला आणि मोठ्याने वाचला, मधे मधे थांबून इंग्रजीत सांगत. तुझ्या नावापाशी आल्या तेव्हा माझ्याकडे बघितलं. "आडनाव तेच. कोण तुमच्या?" मी म्हटलं, "आत्या." त्यांनी कागद घडी मोडू न देता परत केला.

कुणी भावनिक संबंधाचं विचारलं नाही.

जागा प्रथमेशला मिळाली. तो आमच्याच विभागात आहे, त्याचा पेपर छापून आलेला आहे. मला पुन्हा अकरा महिने. वाईट वाटलं का? वाटलं. मेट्रोत बसून मलकपेठ मागे गेलं तरी उतरले नाही, शेवटच्या स्टेशनापर्यंत गेले आणि परत आले. बाबांनी ताट वाढलं.

आता मला तुझ्याकडे यायचंय. ह्या वर्षी मी पटावरचे आकडे घेणार नाही. एकशे त्रेचाळीसपैकी जितक्या शाळा जमतील तितक्या शाळांत सकाळी जाऊन वर्गात बसणार आणि पोरं मोजणार. सर म्हणाले, ह्याला फार वेळ लागेल आणि तोवर करार संपेल. संपेल तर संपेल. सुरुवात काळेगव्हाणपासून.

स्वप्नाला मी दर रविवारी शिकवते, दुकानातल्याच पुस्तकांवर. मुक्त शाळेतून तिला दहावीला बसता येईल, पण त्याआधी फॉर्मवर विचारतात, शेवटची शाळा कोणती आणि दाखला कुठे?

तुझी
रोशनी


काळेगव्हाण
६ जानेवारी २०२५

चि. रोशनीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र समाजमंदिरात वाचून दाखवलं. पितळी पाटीचा फोटो नाही तर नाही. मुलाखतीचं वाचताना दोनदा थांबावं लागलं, मशीन नीट असतं तर माझा मलाच आवाज ऐकू आला असता.

तू यायच्या आधी इथलं सांगते. मी तालुक्याच्या ऑफिसात जाऊन स्वतःच अर्ज दिला. परवा एक साहेब चौकशीला आले, तरुण होते. मला विचारलं, "आजी, ही तक्रार केली कुणी?" म्हटलं, "माझ्या भाचीने शोधून काढलं, तक्रार माझी मी केली." "भाची काय करते?" म्हटलं, "मोजते." त्यांनी ते लिहून घेतलं की नाही माहीत नाही. पेन्शन तूर्त चालू आहे. पुढचं पुढे.

आत्ताचे मुख्याध्यापक एकनाथराव चांगले आहेत. मी त्यांना म्हटलं, जुनं हजेरीपत्रक काढा. काढलं. माझ्याच अक्षरात तीन वर्षं, रोज, चार "ह". इतकं सुबक अक्षर बघून ते म्हणाले, "बाई, तुम्ही किती नीट लिहायच्या." मला तिथे बसवेना.

दाखल्यावर शाळा सोडल्याची तारीख लिहायची असते. पत्रकाप्रमाणे लिहिली तर २०२१. मी सांगितलं, चार जून २०१८ लिहा, त्या दिवशी ती गेली. कारणाच्या रकान्यात "पालकांचे स्थलांतर" लिहा, तेही खरं आहे. चौघांचे चार दाखले झाले आणि त्या वर्षीचा पट सतरा झाला. एकनाथरावांनी तांबड्या शाईने तो आकडा दुरुस्त केला. ह्या वर्षीचा पट त्यांनी मला सांगितला, तोही वीसच्या खालीच आहे, आणि त्यात एकही खोटं नाव नाही. शाळा राहते की जाते ते मला माहीत नाही. तू येऊन मोज, सकाळी साडेदहाला प्रार्थना असते.

तिघांचे दाखले मी दत्तोबाच्या पत्त्यावर पाठवले. स्वप्नाचा सोबत ठेवला आहे. ती विचारेल, नाव अजून आहे का तिकडे. तिला सांग, काढलं. साडेसहा वर्षं उशिरा काढलं, आणि उशीर बाईंनी केला, असंही सांग.

तुझी
आत्या